आधी विद्यार्थी, मग शिक्षक

इंदूरच्या आपल्या मंडळींत घरटी एखादा प्राध्यापक सापडतोच, म्हणून हा विषय. केंद्र सरकारचा 'स्वयम्' हा ऑनलाइन शिक्षणमंच 2017 साली सुरू झाला. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून घेऊ देऊ शकते. आधी ही मर्यादा 20 टक्के होती.

मग शिक्षकाने करायचे काय? त्यांचे प्रशिक्षण पुष्कळदा एका दुपारीच उरकते: लॉगिन, व्हिडिओ कसा चढवायचा, चहा, प्रमाणपत्र. 2018 च्या 'अर्पित' योजनेत मात्र प्राध्यापकांनाच 'स्वयम्'वर विद्यार्थी केले होते. 40 तासांचा अभ्यासक्रम, शेवटी तीन तासांची परीक्षा. पदोन्नतीसाठी तो एका रिफ्रेशर कोर्साइतका धरला जाई, तेव्हा काहींनी तेवढ्यासाठीच केला असेल, असो. पण रात्री जेवणानंतर व्हिडिओ बघताना लक्ष कुठे सुटते, विचारलेल्या शंकेची वाट बघताना कसे वाटते, हे बटणे शिकून कळत नाही. देवास-धारहून येणारी मुले नेमकी तिथेच अडतात. त्यांच्यासाठी मार्गदर्शक प्राध्यापक नेमतात खरे; पण त्या कामाचे तास वेळापत्रकात धरलेच नाहीत, तर त्याने वेळ काढायचा कुठून?