औषधांसाठी करमुक्त खातं हवं

नागपुरात महालातल्या केळीबाग रस्त्यावरचा दुकानदार मधुमेहाच्या गोळ्या, रक्ततपासण्या, दातांचे उपचार यांचे पैसे गल्ल्यातूनच काढतो. विमा बहुधा दवाखान्यात भरती झाल्यावरच कामी येतो. आयकरातली सवलतही मुख्यतः विम्याच्या हप्त्यालाच, साठीच्या आतल्यांना स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजारांपर्यंत. विमा नसलेल्या साठीपुढच्यांना औषधोपचारावर ५० हजारांची वजावट मिळते, पण रोखीनं दिलेले पैसे धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत तर यातलं काहीच नाही. अमेरिकेत २००४पासून आरोग्य बचत खातं आहे. त्यात भरताना, वाढताना, उपचाराला काढताना केंद्राचा कर नाही. आपल्याकडेही ते यावं, वयाची अट न घालता. मात्र ज्यांचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यांच्यासाठी आधी मेयोसारख्या सरकारी रुग्णालयात औषधं मिळायला हवीत.