खचण्यापूर्वी मोजा

26 ऑगस्ट 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे एक राहते घर पाहता पाहता भूमीच्या पोटात गडप झाले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून बचावली. त्या वस्तीखाली कोळशाची जुनी भुयारी खाण होती. अशा गावांत खाली पोकळी आहे हे सर्वांसच ठाऊक असते. ती नेमकी कोणाच्या चुलीखाली आहे, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान सांगणारे खिशातले यंत्र काही मीटरांची चूक करते. वाटसरूस ती चालते, भूशास्त्रज्ञास चालत नाही. परंतु ज्याचे स्थान आधीच बिनचूक ठाऊक आहे अशा जागी कायमचे केंद्र उभारले, म्हणजे संकेतांत किती चूक पडते ते तेथे कळते आणि भोवतालच्या मापनांतून ती वजा करता येते. मग फरक उरतो तो अवघ्या काही सेंटिमीटरांचा. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी 77 केंद्रे उभारली असून त्यांच्या आधारे भूमी अभिलेख खाते ‘रोव्हर’ने शेतांची मोजणी करीत आहे. आपल्या ‘नाविक’ मालिकेत 29 मे 2023 रोजी देशी अणुघड्याळ असलेला उपग्रह दाखल झाला. जानेवारी 2025 मधील पुढचा उपग्रह मात्र इच्छित कक्षेत पोचला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. तथापि अन्य राष्ट्रांचे उपग्रहही संकेत पुरवीत असल्याने मोजणी त्यावाचून अडलेली नाही.

शेजारच्या गडचिरोलीत हा प्रश्न जंगलाच्या सीमेचा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये मेंढा (लेखा) गावास 2009 मध्ये 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा सीमा साध्या यंत्राने मोजू गेल्यास दाट पानांखाली संकेत क्षीण होतो, खोडांवर आपटून वळतो, आणि रेषा भलतीकडे सरकते. त्या चुकीचा भुर्दंड गावाने का सोसावा? पानगळीनंतर चांगल्या यंत्राने फेरमोजणी करून देणे हे सरकारचेच काम आहे.

आणि शेताचा बांध जर इतक्या काटेकोरपणे मोजता येतो, तर खाणीवरची वस्ती का मोजू नये? बंद खाणींचे जुने नकाशे अक्षांश-रेखांशांत बसवून त्यांवर आजची घरे मांडावीत. वस्तीत पक्के खुंट रोवून त्यांची उंची ठराविक काळाने तपासावी. उंचीचे माप आडव्या मापाहून ढोबळ येते, तेव्हा घाईच्या एका फेरीवर विसंबून भागणार नाही. शिवाय उथळ पोकळीचे छत कित्येकदा पूर्वसूचना न देताच ढासळते. म्हणून नकाशाचे काम आधी, खुंटांचे नंतर. घुग्घुस, बल्लारपूर व चंद्रपूर येथील जुन्या खाणींवरच्या वस्त्यांचे हे नकाशे येत्या पावसाळ्यापूर्वी तयार करावेत, आणि फायलीत न ठेवता मराठीत छापून त्या त्या नगरकचेरीच्या दारावर लावावेत, अशी आमची मागणी आहे.