तोंडातली बुरशी म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं म्हणजे साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस दवाखान्याच्या खेपा. वस्तीत त्याला कुणी ‘लाईट’ म्हणतं, कुणी ‘शेक’. तंबाखू, मिश्री आणि २०१२ पासून बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा यांनी हे आजारपण आपल्या घरात आणून ठेवलं आहे.

लाईट सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की तोंड कोरडं पडतं, चव जाते, गिळताना आग होते. घरचे म्हणतात, “उष्णता बाहेर पडतेय.” दवाखान्यातही कधी उत्तर मिळतं, “लाईटमध्ये असं होतंच.” माझ्या मते ही दोन्ही उत्तरं रुग्णावर अन्याय करतात. लाईटने तोंड सोलवटतं हे खरं. पण त्याच तोंडात बुरशी वाढली असेल तर तो वेगळा आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

या बुरशीचं नाव कॅन्डिडा. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही असते, पण लाळ तिला आटोक्यात ठेवते. लाईटने लाळेच्या ग्रंथी सुकल्या की ती फोफावते. जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखे पांढरे थर दिसतात. कधी पांढरं काहीच नसतं, नुसती लाली आणि आग असते. मग जेवण तुटतं, वजन उतरतं, रुग्ण लाईटला जायला नको म्हणतो. लाईटमध्ये खाडे पडले की कॅन्सर बरा होण्याची शक्यता घटते. तोंडाची बुरशी किरकोळ नाही, ती अशी.

दुसरा धोका मेडिकलच्या दुकानात आहे. चिठ्ठीशिवाय फ्लुकोनॅझोलची एखादी गोळी घ्यायची, आग कमी झाली की थांबायचं, पुन्हा त्रास झाला की पुन्हा एक. तोंडाच्या बुरशीला हे औषध बहुधा एक-दोन आठवडे रोज घ्यावं लागतं. अर्धवट आणि वारंवार घेतलं की कमजोर बुरशी मरते, चिवट तेवढी उरते आणि वाढते. कॅन्डिडाच्या ग्लाब्राटा जातीवर ही गोळी अनेकदा कमी चालते, क्रुसेईवर तर चालतच नाही. गजकर्णाचं काय झालं ते आपण पाहतोच: मिळेल ते मलम चोळून चोळून ते आता हटता हटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, तीत कॅन्डिडाच्या अनेक जाती आहेत. शिवाय ही गोळी रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत घातक ठरू शकते.

पण दोष फक्त रुग्णाला देऊ नका. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाच्या तोंडात कुणी बॅटरी मारून पाहत नसेल, औषध ‘बाहेरून आणा’ म्हणत असतील, तर तो दुकानातच जाणार. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून लाईट होते. मग त्या काळातल्या तोंडाची काळजीही त्याच उपचाराचा भाग धरली पाहिजे. आपली मागणी साधी आहे: दर आठवड्याला तोंडाची तपासणी, बुरशीचं औषध मोफत, आणि औषधाने गुण आला नाही तर तोंडातला नमुना घेऊन कल्चर. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

घरी काय करायचं? रोज उजेडात तोंड पाहा. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितलेले सगळे दिवस घ्या आणि आठवड्यात फरक पडला नाही तर परत दाखवा.

कुणी विचारत नव्हतं त्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतलं होतं. आपल्या विहारातल्या महिला मंडळाने वस्तीत लाईट घेणाऱ्यांची यादी करावी आणि एकट्या पडलेल्या रुग्णासोबत दवाखान्यात जावं. दोघी सोबत असल्या की डॉक्टरांना “तोंड बघा” म्हणायला धीर येतो.

जयभीम.