पसंत आहे खोपा?

गेल्या रविवारी आम्ही दोघं भर पावसात सोनिवलीला फ्लॅट बघायला गेलो. बिल्डिंग अर्धीच झालेली. मागच्या ताडावर सुगरणीचे खोपे लटकत होते. त्यातले काही चक्क आमच्या वन बीएचकेसारखेच अर्धवट!

नाव बाईचं, बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा तीच बांधते, पण प्रत्यक्षात विणकाम नराचं. पावसाळा आला की साहेबांचं डोकं पिवळंधमक होतं आणि गवताच्या, ताडाच्या पानाच्या लांब पट्ट्या चोचीनं विणणं सुरू. खोपा हेल्मेटसारखा दिसायला लागला की काम बंद! आता पंख फडफडवून माद्यांना आमंत्रण. मादी येते, आत शिरते, पाती ओढून बघते. पसंत पडला तरच तो पुढचा खोपा आणि खालची नळी पूर्ण करतो. नाहीतर राहिला तसाच.

सलीम अलींनी 1930 मध्ये किहीमला शिडीवर बसून हे सगळं टिपलं. जर्मनीहून परतले तर म्युझियममधली नोकरी गेलेली, वेळच वेळ! मादी अंड्यांवर बसली की महाशय दुसरीसाठी नवा खोपा विणायला घेतात, हेही त्यांनीच नोंदवलं.

"ऐकतोयस ना?" मी विचारलं. तो सेल्समनशी पार्किंगबद्दल बोलत होता. मी फ्रीलान्सर, सॅलरी स्लिप नाही. त्यामुळे लोन त्याच्या नावावर, आणि अ‍ॅग्रीमेंटही फक्त त्याच्याच, असं त्याच्या घरचे म्हणतात.

मी आतल्या खोलीत जाऊन भिंत ठोकून पाहिली. बुकिंगचा चेक अजून माझ्याच पर्समध्ये आहे.