दुसऱ्या झाडणीला पैसा कुठून आणायचा?

यंदाही नेहमीचे परिपत्रक निघाले: १५ फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा तोडून, जाळून पूर्णत्वाचा अहवाल सादर करावा. अहवाल वेळेत गेले. मार्चच्या मध्यापासून मात्र गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातल्या वाचकांची पत्रे येऊ लागली आणि सगळ्यांची तक्रार एकच होती. जाळलेल्या रेषेवर पुन्हा घोटाभर पाला साचला आहे आणि तो झाडायला पैसा नाही.

सागाच्या कक्षात काम केलेल्याला याचे नवल वाटणार नाही. साग एका दमात निष्पर्ण होत नाही. जानेवारीअखेर काळीभोर, स्वच्छ दिसणाऱ्या रेषेवर दोन्ही बाजूंची सुपाएवढी पाने पडत राहतात, उन्हाने वळतात आणि वाऱ्याने तिथेच गोळा होतात. मग रेषा फक्त नकाशावर उरते. ठिणगी पडली की आग सरळ पलीकडच्या कक्षात.

पाला पूर्वीही पडायचा. बदलले आहे ते ऊन. २०२२ चा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. २०२३ च्या फेब्रुवारीने कमाल तापमानाचा तसाच उच्चांक केला. पाला आता लवकर कडकडीत होतो, आपले वेळापत्रक मात्र जुन्या उन्हावर बेतलेले. वणव्याचा हंगाम १५ जूनपर्यंत चालतो आणि ऐन हंगामात ३१ मार्च येऊन अनुदान परत जाते. नवे हाती पडेपर्यंत जंगल पेटून गेलेले असते. हंगामी अग्निरक्षक मजुरांना तोवर कशाच्या भरवशावर थांबवायचे? ब्लोअरचे पेट्रोल वनरक्षक पदरमोड करून भरतात, हे एका नव्हे, अनेक पत्रांत आहे.

डेहराडूनहून उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो, हे चांगलेच आहे. पण ३७५ मीटरच्या त्या चौकोनात धावायला माणसे नसतील, तर इशारा खुलासा मागण्यापुरता उरतो. हेक्टर जास्त लिहिले की ज्ञापन मिळते, म्हणून अहवालात जळीत क्षेत्र आक्रसते. मग त्याच आक्रसलेल्या आकड्यांवर पुढची तरतूद होते. वरिष्ठांना हे ठाऊक नाही, असे आम्ही मानत नाही. दरम्यान ऐन, बिजा, धावड्याची कोवळी रोपे दरवर्षी जमिनीलगत जळतात आणि मोकळ्या जागेत घाणेरी, रानतुळस माजते. दहा वर्षांची कार्य आयोजना लिहिताना पुनरुत्पत्ती का नाही, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

आमची मागणी साधी आहे. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातली झाडणी, आणि गरज पडल्यास एप्रिलअखेरची तिसरी, ही स्वतंत्र मंजूर कामे धरा. १५ जूनपर्यंतच्या मजुरीची तरतूद जानेवारीतच राखून ठेवा.

आणि वाचकहो, आपल्यातलेही काही जण मागच्या आयोजनेतला आगीचा परिच्छेद तसाच उतरवून काढतात. ते थांबवा. कक्षनिहाय पानगळ कधी सुरू झाली, मोह कधी फुलला, पहिली आग कधी लागली, याच्या तारखा नोंदवहीत खऱ्या लिहा. जळालेले हेक्टरही खरे लिहा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी जाळ्या अंथरण्याचा ठराव पुढच्या हंगामाआधी करावा. या नोंदी जूनअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. त्या एकत्र करून आम्ही मंत्रालयात नेऊन देऊ.