वाचवलेली रात्र

सुखाच्या शोधात निघताना प्रथम कोणाची झोप मोडावी, ह्याचा निर्णय हल्ली फार सहज केला जातो. बालाघाटाच्या डोंगरांतील आमच्या धर्मापुरीसारख्या गावीही आता हिवाळी सहलींचे बेत ठरू लागले आहेत, आणि ही गोष्ट मुळात वाईट नव्हे. ज्या मुलखात पावसाची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, तेथील मुलांना पाण्याचे गोठलेले रूप एकदा डोळ्यांनी पाहावेसे वाटले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणासच नाही. आमचा आक्षेप बर्फाला नाही, पायांना स्की बांधून उतारावरून घसरण्याला नाही, पैसे खर्च करण्यालाही नाही. आक्षेप आहे तो त्या बेतातील एका वाक्याला: "रात्री निघू, म्हणजे एक दिवस वाचेल."

हे वाक्य इकडे जसे ऐकू येते, तसेच ते लंडनच्या आसपास घर केलेल्या आमच्या मराठी बांधवांच्या तोंडीही असते. तिकडे शाळांना फेब्रुवारीत आठवड्याची सुटी. आल्प्समधील घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशी भाड्याने मिळतात. तेव्हा शुक्रवारी कचेरीतून परतायचे, जेवण उरकून मुलांना पांघरुणासकट गाडीत घालायचे, समुद्राखालच्या बोगद्यातून कॅलेला निघायचे आणि तेथून नऊशे-हजार किलोमीटरांचा फ्रान्स एका रात्रीत मागे टाकून सकाळी पर्वताच्या पायथ्याशी उभे राहायचे, असा हा बेत. धर्मापुरीहून मनाली दोन हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे येथे एक रात्र पुरत नाही, दोन लागतात. तिकडचा भाऊ फोनवर आपला पराक्रम सांगतो आणि इकडचा त्याहून दुप्पट बेत आखतो. फरक एवढाच की, तिकडचा मनुष्य स्वतः गाडी चालवतो. इकडे ते काम गावातल्या एखाद्या तरुणाकडे सोपवलेले असते. हा फरक लहान नाही. त्याकडे पुढे येऊच.

रात्रीच्या प्रवासाचे समर्थक जे मुद्दे मांडतात ते ऐकायला मोठे समंजस वाटतात. रस्ता मोकळा असतो, ऊन लागत नाही, मुले झोपून जातात, एका मुक्कामाचे भाडे वाचते. खरे आहे. पण ह्या सर्व मुद्द्यांत एक गोष्ट समान आहे: त्यांतील प्रत्येक लाभ झोपणाऱ्याचा आहे. जो जागा असतो त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. हातातले नकाशायंत्र अमुक तास लागतील म्हणून सांगते. ते तास चाकांचे असतात, माणसाचे नव्हेत. यंत्राला पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन सारखेच. बेत आखणारा गृहस्थही ते आकडे तसेच कागदावर उतरवतो आणि रात्रीच्या रकान्यात शून्य खर्च लिहून मोकळा होतो.

शरीर मात्र हा हिशेब मानत नाही. मध्यरात्रीनंतर दोनपासून सहापर्यंतचा काळ झोपेच्या दृष्टीने सर्वांत घातक असतो, हे शास्त्रज्ञांनी वारंवार दाखवले आहे. १९९७ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात डॉसन आणि रीड ह्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ, रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, असे त्यात आढळले. आता आमच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहन चालवणाऱ्यास घालून दिलेली मद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. सकाळी सहाला उठलेला मनुष्य रात्री अकराला सतरा तास जागा असतो. आणि अकरा ही तर आमच्या सहलीची निघण्याची वेळ! नारळ फोडून, देवाला नमस्कार करून, वडीलधाऱ्यांच्या पाया पडून जो मनुष्य गाडीची किल्ली फिरवतो, त्याच्या हातून त्याच क्षणी जी चूक संभवते ती मद्यप्याच्या चुकीहून वेगळी नसते. मद्यपी शेजारी बसला असता तर हेच वडीलधारे गाडीतून उतरले असते.

डुलकी म्हणजे डोके छातीवर पडणे, अशी आमची भाबडी समजूत आहे. खरी धोक्याची डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि ती लागल्याचे ज्याला लागते त्यालाच पुष्कळदा कळत नाही. ताशी नव्वद किलोमीटर वेगाने चाललेली गाडी सेकंदाला पंचवीस मीटर पुढे जाते. चार सेकंदांत शंभर मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो. ह्यावर चहा, तोंडावर पाणी, मोठ्याने लावलेली गाणी, उघडी काच आणि तंबाखूची चिमूट असे आमच्या मार्गावरचे सर्वमान्य उपचार आहेत. त्यांत चहाचा थोडा वेळ उपयोग होतो. बाकीच्यांनी मनुष्य जागा होत नाही, आपण जागे आहोत असे त्याला फक्त वाटते. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोप काढणे हा त्यातल्या त्यात खरा उपाय, आणि नेमका तोच करण्याचा अधिकार आम्ही चालकाला देत नाही.

कारण गाडीत जो संवाद होतो तो असा. बाराच्या सुमारास मागच्या आसनावरून काका विचारतात, "दादा, झोप तर येत नाही ना?" दादा म्हणतो, "नाही काका, तुम्ही झोपा निवांत." ह्या प्रश्नाला दुसरे उत्तर तो देऊ शकेल काय? फेरीमागे ठरलेले पैसे, पुढच्या सहलीची आशा, गावात 'ह्याला झोप येते' असे नाव पडण्याची भीती, एवढे सगळे त्याच्या बोलण्यावर दडपण आणते. काका मात्र आपले कर्तव्य झाले असे समजून झोपतात. उद्या काही झाले तर 'आम्ही विचारले होते' हे वाक्य त्यांच्यापाशी तयार असते. विचारण्याची खरी इच्छा असती तर प्रश्न निघण्यापूर्वी, दिवसा, घरी आणि वेगळ्या शब्दांत विचारला असता: काल रात्री किती तास झोपलास?

'त्यांना सवय असते', हे ह्या वर्गाचे आवडते वाक्य. आमच्या मते ह्याहून निर्दय वाक्य मराठीत थोडे असेल. भुकेची सवय होत नाही, तशी झोप नसण्याचीही होत नाही. होते ती तक्रार न करण्याची. मनालीत पोहोचल्यावर कुटुंब रजईत शिरते, आणि रात्रभर ज्याने त्यांना आणले तो पुष्कळदा हॉटेलच्या आवारात, गाडीतच, काचा लावून, बीडहून आणलेल्या एका चादरीत रात्र काढतो. खोल्यांचा हिशेब करताना त्याला कोणी मोजलेलेच नसते. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकास दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालून दिली होती. पण तास मोजायला हजेरीचे पुस्तक लागते, आणि ओळखीतल्या माणसाची गाडी ओळखीखातर चालवणाऱ्या पोराचे असे पुस्तक कोठेच नसते. युरोपातही ह्याहून न्यायाची स्थिती आहे असे नव्हे. तेथे मालमोटारीच्या चालकास साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबणे सक्तीचे आहे. पण बायकामुलांना घेऊन स्वतःच्या मोटारीतून आल्प्सकडे निघालेल्या बापाला कोणी अडवीत नाही. बटाट्याच्या पोत्यांना जे संरक्षण, ते मुलांना नाही!

कोणी म्हणेल, हे सारे भयाचे बोलणे झाले. तर आमच्याच परिसरातील उदाहरणे पाहावीत. १४ ऑगस्ट २०२२ रोजी बैठकीसाठी बीडहून रातोरात मुंबईस निघालेले विनायक मेटे पहाटे पाचच्या सुमारास पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर अपघातात मरण पावले. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्यास चाललेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस जण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या मध्यरात्री त्याच मार्गावर वैजापूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या गाडीतील बारा जण दगावले. तिन्ही ठिकाणची कारणे निराळी आहेत, काही वादग्रस्तही आहेत. झोप हेच कारण, असा आमचा दावा नाही. दावा एवढाच की, दिवसा एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येते आणि पुष्कळदा टळते. रात्री समोरचाही थकलेला असतो, उभा ट्रक दिसत नाही, आणि मदतीला धावणारा शेतकरी शेतात नसतो.

आणि बर्फाकडे जाणाऱ्या रस्त्याची गोष्ट तर आणखी वेगळी. बाकीच्या प्रवासात रात्र सरली की संकट सरते. येथे सर्वांत अवघड रस्ता अगदी शेवटी, सर्वांत थकलेल्या घटकेला येतो. रात्रभर सरळ सपाट रस्त्याने सुस्तावलेल्या माणसाने पहाटे घाटाची वळणे, रस्त्यावर गोठलेले पाणी आणि चाकांना साखळ्या बांधणे हे सारे करायचे. फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ टापूंत हिवाळ्याचे पाच महिने बर्फाचे टायर किंवा साखळ्या सक्तीच्या केल्या. टायर तपासणारा शिपाई आहे, डोळे तपासणारा नाही. २७ डिसेंबर २०१४ रोजी फ्रान्सच्या साव्वा प्रांतात सुटीसाठी निघालेले सुमारे पंधरा हजार मोटारवाले बर्फात अडकले आणि त्यांना आश्रयस्थानांत रात्र काढावी लागली. ते सुदैवी म्हणायचे. ७ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानात मरी येथे बर्फ पाहण्यास गेलेली वीसाहून अधिक माणसे अडकलेल्या मोटारींतच मेली. बर्फाने धूर बाहेर पडण्याची नळी बुजते, ऊब मिळावी म्हणून इंजिन चालूच ठेवले जाते आणि विषारी वायू आत भरतो. आमच्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा ह्या दरम्यान शेकडो गाड्या अडकून पडल्या होत्या. ज्याच्या अंगात एक रात्र थांबण्याचे त्राण आणि बेतात एक दिवसाची सवड शिल्लक आहे, त्याला अशा वेळी शहाणपण सुचते. ज्याने ती सवड आधीच 'वाचवली', तो पुढे रेटतो.

बरे, तो दिवस वाचतो तरी काय? सकाळी आठला पोहोचलेले कुटुंब दुपारपर्यंत झोपते, संध्याकाळी चिडचिड करते, आणि मोडलेल्या अंगाने दुसऱ्या दिवशी स्कीवर उभे राहते. ज्या खेळात गुडघे आणि तोल हेच सर्वस्व, त्यात हे पाय घेऊन उतरायचे.

मराठीत प्रवासाला 'मजल दरमजल' असा शब्दप्रयोग आहे. मजल हा शब्द अरबी 'मन्झिल'वरून आला आणि मन्झिल म्हणजे उतरण्याची जागा. आमच्या पूर्वजांनी अंतर चालण्याने मोजले नाही, थांबण्याने मोजले. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. माउलींची पालखी त्यास अठरा-वीस दिवस घेते आणि रोज रात्री ठरल्या गावी उतरते. प्रत्यक्ष देवाच्या भेटीला निघालेल्यांना रात्र वाचवावीशी वाटली नाही. आमच्या धर्मापुरीत चालुक्यकालीन केदारेश्वर आहे. हिमालयातल्या केदाराचे नाव ज्यांनी बालाघाटात आणले, त्यांच्या काळी तिकडची यात्रा महिन्यांच्या हिशेबाने होत असे. ती पद्धत परत आणा, असे म्हणण्याइतके आम्ही वेडे नाही. मुक्काम हा प्रवासाचा भाग आहे, एवढेच तिच्यातून घ्यावे.

रात्रीचा प्रवास ज्यांच्या नशिबी आहे ते लोक ह्या जिल्ह्यात लाखांनी आहेत. दसरा झाला की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी जोडपी, भांडीकुंडी, शेळ्या आणि पेंगणारी मुले ट्रकमध्ये भरून अंधारातून निघतात. त्यांना विचारणारा कोणी नसतो. मुकादमाची उचल घेतलेली असते. त्यांची ती सक्ती आम्ही हौस म्हणून अंगावर घ्यावी आणि वर तिची फुशारकी मारावी, हे आम्हास लाजिरवाणे वाटते.

रात्रभर प्रवास करायचाच असेल तर त्यास आगगाडी आहे. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीला मिळते आणि दिल्लीस पोहोचवते. तिच्या इंजिनावरचा मनुष्य ठरल्या स्थानकावर खाली उतरतो, झोपलेला ताजा मनुष्य वर चढतो. प्रवासी निवांत झोपतात आणि त्या निवांतपणाची किंमत कोणा एकाच्या डोळ्यांतून वसूल होत नाही. दिल्लीपुढे गाडी करावी ती दिवसाउजेडी. वाटेत बिलासपूरला किंवा मंडीला उतरावे. खोल्या ठरवताना चालकाची खोली आधी लिहावी. ह्या रीतीने आठ दिवसांची रजा पुरत नाही, दहा-अकरा लागतात. तेव्हा जानेवारीच्या बर्फासाठी रजेचा अर्ज दिवाळीपूर्वीच कचेरीत पडलेला बरा.