विश्लेषण : अपहरणपटातला थरार खरा कधी वाटतो? फोनचा माग आणि ‘२४ तास थांबा’ यांत तथ्य किती?

अपहरणकर्त्याचा फोन येतो. हेडफोन लावलेला पोलीस हातानेच खूण करतो, ‘बोलत राहा’. घामेजलेला बाप काहीतरी विचारून वेळ काढतो. माग लागायला पाच सेकंद उरलेले असताना पलीकडून फोन कट! हे दृश्य आपण इतक्या चित्रपटांत पाहिले आहे, की पोलीस खरोखरच असे काम करतात असे वाटू लागते. २०२५ मध्ये स्पाइक ली यांचा ‘हायेस्ट टू लोएस्ट’ हा चित्रपट आला. अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ च्या ‘हाय अँड लो’वर तो बेतलेला आहे. मधल्या ६२ वर्षांत फोन बदलले, रेल्वे बदलली, पैसा बदलला. तरीही अपहरणाची तीच गोष्ट प्रेक्षकाला जागेवर खिळवून ठेवत असेल, तर तो ताण नेमका कुठून येतो? आणि पडद्यावरचे आपल्याला खरे वाटलेले काही खऱ्या आयुष्यात महागात पडू शकते का?

धक्का आणि उत्कंठा यांत फरक काय?

हे सर्वांत सोप्या भाषेत सांगितले ते आल्फ्रेड हिचकॉक यांनी. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ताच नाही, तर स्फोट झाल्यावर काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल, तर टेबलाभोवती चाललेल्या साध्या गप्पाही असह्य होतात. म्हणजे माहिती लपवून नव्हे, तर ती देऊन उत्कंठा वाढते. याच हिचकॉकना ‘पण असे घडेल कसे?’ असे विचारत बसणाऱ्या समीक्षकांचा भारी कंटाळा होता.

अपहरणपटात मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. खुनाच्या गोष्टीत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. अपहरणात मूल जिवंत आहे, कुठेतरी आहे आणि वेळ जातो आहे. प्रेक्षक मनातल्या मनात एकच विचारत असतो : अजून सापडत का नाही? या ‘का’चे उत्तर पटले, तर बाकी दहा अशक्य गोष्टी तो खुशाल पोटात घालतो. ते पटले नाही, तर पार्श्वसंगीत कितीही वाढवा, उपयोग शून्य.

७ सेंटिमीटरची खिडकी

‘हाय अँड लो’ एड मॅकबेन यांच्या ‘किंग्ज रॅन्सम’ (१९५९) या कादंबरीवरून घेतलेला आहे. योकोहामातला गोंडो हा बूट कंपनीतला बडा अधिकारी. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने असेल नसेल ते गहाण टाकून पैसा उभा केला आहे. त्याच दिवशी त्याच्या मुलाचे अपहरण झाल्याचा फोन येतो. खंडणी तीन कोटी येन. पण मुलगा तर घरातच असतो. चुकून ड्रायव्हरचा मुलगा उचलला गेला आहे. अपहरणकर्त्याला त्याचे काही नाही. मूल कोणाचे का असेना, पैसे तूच देणार, असा त्याचा हिशेब.

पुढचा जवळपास तासभर कॅमेरा गोंडोच्या दिवाणखान्यातून फारसा बाहेर पडत नाही. पाठलाग नाही, गोळीबार नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी आपण रस्त्यावर यायचे का, एवढाच प्रश्न. येथे उशीर होतो तो गोंडोच्या मनात. ड्रायव्हर समोर मान खाली घालून उभा असतो, त्याला धड मागताही येत नाही.

मग येते रेल्वे. पैसे भरायच्या बॅगा ७ सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत, अशी अट असते. का, ते कोणालाच कळत नाही. ‘कोदामा’ एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर गोंडोला गाडीतल्या फोनवर बोलावणे येते आणि उलगडा होतो. या बंदिस्त गाडीत स्वच्छतागृहाची खिडकी तेवढी उघडते, तीही ७ सेंटिमीटर. नदीवरच्या पुलाजवळ मूल दिसेल, पूल ओलांडला की बॅगा खाली टाकायच्या. गाडीत पोलीस आहेत, पण गाडी थांबत नाही. त्यांच्या हातात उरतो तो छोटा कॅमेरा आणि खिडकीतून दिसणारी काही सेकंदे.

पोलीस मूर्ख नाहीत, गुन्हेगार जादूगार नाही. दोघांमध्ये उभी आहे ती एक खिडकी, आणि तिचे माप सगळ्यांना माहीत आहे. नंतरचा तपासही तसाच. फोनच्या ध्वनिमुद्रणात मागे ट्रॅमसारखा आवाज येतो. पोलीस ती टेप रेल्वेच्या कर्मचाऱ्याला ऐकवतात आणि तो केवळ आवाजावरून मार्ग ओळखतो. ली यांच्या आवृत्तीत नायक संगीत कंपनीचा मालक आहे. पैशांची बॅग न्यू यॉर्कच्या मेट्रोतून खाली पडते आणि दुचाकीस्वारांच्या हातोहात गायब होते. आवाज येथेही कामी येतो, फक्त तो ओळखणारा कान नायकाचाच आहे. ली यांचा पूर्वार्ध रेंगाळतो, पण मेट्रोचा प्रसंग सुरू झाला की मोबाइल बाजूला ठेवावाच लागतो.

प्रत्यक्षात काय घडले, ते मात्र चित्रपटाच्या अगदी उलट. ‘हाय अँड लो’ १ मार्च १९६३ ला प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोत एका चार वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले. पडद्यावरच्या पोलिसांसारखे काटेकोर काम खऱ्या पोलिसांना जमले नाही. नोटांचे क्रमांक टिपले गेले नाहीत आणि पोलीस सापळ्याच्या जागी पोहोचेपर्यंत पैसे गेलेले होते. मूल वाचले नाही. आरोपीचा आवाज नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर ऐकवण्यात आला, तरी तो सापडायला १९६५ उजाडले. खंडणीसाठीच्या अपहरणाला कठोर शिक्षा देणारे वेगळे कलम जपानने १९६४ मध्ये दंडसंहितेत आणले. भारतात असे कलम (भादंवि ३६४-अ) १९९३ मध्ये आले. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १४०(२)मध्ये त्यासाठी फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद आहे.

फोनचा माग काढायला खरेच एक मिनिट लागतो का?

एके काळी लागत असे, किंबहुना त्याहून जास्त. जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डायल फिरवला की एकेका आकड्यासरशी एकेक स्विच सरकत जाई आणि दोन फोनांमध्ये प्रत्यक्ष तारेचा मार्ग तयार होई. माग काढायचा म्हणजे तंत्रज्ञाने तो मार्ग उलट दिशेने, रॅकमागून रॅक, एका एक्स्चेंजमधून दुसऱ्यात शोधत जायचे. फोन ठेवला की स्विच मोकळे, धागा तुटला. तेव्हा ‘त्याला बोलत ठेवा’ ही शुद्ध तांत्रिक गरज होती. इंजिनीअरिंगला असताना या स्विचचा धडा आम्ही ‘पेपरात येत नाही’ म्हणून सोडला होता, पण अर्ध्या हॉलीवूडची उत्कंठा त्यावर उभी आहे!

इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आले आणि हे संपले. आता फोन जोडला जातानाच कोणी कोणाला केला याची नोंद होते, मग कॉल दोन सेकंदांचा असो वा दोन तासांचा. मोबाइल तर सुरू असतानाच कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे हे नेटवर्कला माहीत असावे लागते, नाहीतर तुमचा फोन वाजणारच नाही. पोलीस मागवतात त्या ‘सीडीआर’मध्ये क्रमांक, वेळ आणि टॉवर असतो. चित्रपटात नकाशावर लाल ठिपका गल्लीगल्लीतून पळतो, तसे मात्र यातून दिसत नाही. टॉवरवरून शहरात काहीशे मीटरचा, तर गावाकडे काही किलोमीटरचा परिसर कळतो. काहीशे मीटर म्हणजे धारावीत किंवा डोंबिवलीत किती घरे, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग आज उशीर कुठे होतो? सिमकार्ड भलत्याच्याच नावावर असते. फोन इंटरनेटवरून केलेला असतो, पडद्यावर दिसणारा क्रमांक खोटा असतो, सर्व्हर परदेशात असतो आणि माहिती मागणारे पत्र कंपनीकडे जाऊन उत्तर यायला दिवस लागतात. पूर्वी तपास तारेत अडकायचा, आता कागदात अडकतो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दाखवणे सोपे आहे, ई-मेलच्या उत्तराची वाट पाहणारा हवालदार दाखवणे अवघड. म्हणून दिग्दर्शक अजूनही तेच घड्याळ दाखवतात. काहींनी नवा मार्ग शोधला. ‘सर्चिंग’मध्ये (२०१८) बाप बेपत्ता मुलीला तिच्याच लॅपटॉपमध्ये शोधतो. माहितीचा ढीग समोर असतो, पण आपली मुलगी आपल्याला ठाऊकच नव्हती हे त्याला फार उशिरा कळते. ‘प्रिझनर्स’मध्ये (२०१३) उशीर कायद्यामुळे होतो. पुरावा नसल्याने संशयिताला सोडावे लागते आणि संतापलेला बाप त्यालाच पळवतो.

‘टेकन’ कुठे पटतो?

सुमारे २२.६ कोटी डॉलर कमावणाऱ्या ‘टेकन’मधला (२००८) लियम नीसनचा फोनवरचा इशारा सर्वांना पाठ आहे. पण उत्कंठेचा खरा प्रसंग त्याच्या आधी येतो. पॅरिसमध्ये मुलगी पलंगाखाली लपली आहे, अमेरिकेतला बाप फोनवर शांतपणे सांगतो की आता ते तुला नेणार आहेत, जे दिसेल ते ओरडून सांग. काय होणार हे दोघांना माहीत, आपल्यालाही माहीत आणि मध्ये अख्खा समुद्र. हे पटते. त्यानंतर बाप पॅरिसमध्ये उतरतो आणि त्याला कोणीच अडवू शकत नाही. करमणूक भरपूर, उत्कंठा मात्र विमानतळावरच संपलेली असते.

क्लोरोफॉर्मचा रुमाल हे आणखी एक जुने दुखणे. नाकाशी धरला आणि माणूस दोन सेकंदांत आडवा, असे होत नाही. बेशुद्ध व्हायला काही मिनिटे लागतात, आणि मात्रा चुकली तर मृत्यू ओढवू शकतो. जॉर्ज स्लायझर यांच्या ‘स्पूरलोस’ (१९८८) या डच चित्रपटाने हा रुमालच भीतीदायक केला. त्यातला रसायनशास्त्राचा शिक्षक औषधाचा परिणाम किती वेळ टिकतो हे स्वतःवर मोजतो, गाडीत बसवण्याची तालीम करतो, नाडीचे ठोके वहीत लिहितो. गुन्हेगार कोण, हे आपल्याला लवकरच कळते. तरी, किंबहुना म्हणूनच, अंगावर काटा येतो. शेवट सांगत नाही. याच दिग्दर्शकाने १९९३ मध्ये हॉलीवूडसाठी तो पुन्हा काढला आणि शेवट गोड केला, तेवढ्याने सगळे पाणी ओतल्यासारखे झाले.

‘अग्ली’मधले पोलीस ठाणे

आपल्याकडचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण म्हणजे अनुराग कश्यप यांचा ‘अग्ली’. कथा मुंबईतली. धडपड्या अभिनेता असलेला बाप मुलीला गाडीत बसवून मित्राकडे जातो, परत येतो तर मुलगी नाही. बाप आणि मित्र ठाण्यात पोहोचतात. समोर इन्स्पेक्टर जाधव, म्हणजे गिरीश कुलकर्णी. तक्रार लिहून घेण्याऐवजी चौकशी सुरू होते ती फोन आला की पडद्यावर माणसाचा फोटो कसा काय दिसतो याची. कास्टिंग म्हणजे काय, खरे नाव काय, हे काम कोण देते... साहेबांना खरेच कुतूहल आहे की ते समोरच्याला जोखत आहेत, शेवटपर्यंत कळत नाही. प्रेक्षक आधी हसतो. मग त्याच्या लक्षात येते, की मुलगी बाहेर आहे आणि ही मिनिटे तिच्या वाट्याची आहेत.

या प्रसंगात ना पाठलाग आहे ना घड्याळ, तरी मराठी-हिंदी पडद्यावर इतका ताण क्वचितच दिसला आहे. कारण ठाण्यातल्या बाकावर ताटकळण्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. पुढे मुलीच्या ओळखीतलेच एकेक जण खंडणीच्या तव्यावर आपापली पोळी भाजायला निघतात, तेव्हा तपास का भरकटतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

हीच पटकथा घरच्या फोनवर

खऱ्या आयुष्यात ही युक्ती आता भामट्यांनी उचलली आहे. ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे’ असा फोन, मागे रडण्याचा आवाज (तो आता कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब बनवता येतो), ‘फोन ठेवला तर बघा’ अशी धमकी आणि तासाभराची मुदत. मुलगा प्रत्यक्षात कॉलेजच्या वर्गात बसलेला असतो. ‘डिजिटल अरेस्ट’मध्येही सूत्र तेच, फक्त ओलीस धरला जातो तो फोन घेणाराच, तोही स्वतःच्याच घरात. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर बोलून अशी अटक कायद्यात नसल्याचे स्पष्ट केले. माहिती तोडायची, वेळ आखडायचा आणि दुसऱ्या कोणाला विचारू द्यायचे नाही, या तीन गोष्टींवर चांगला अपहरणपट चालतो आणि ही फसवणूकही. दुसऱ्या फोनवरून मुलाला लावलेला एक कॉल सगळा डाव उधळतो, म्हणूनच तर फोन ठेवू दिला जात नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करता येते.

‘२४ तास थांबा’ हे कायद्यात आहे का?

नाही. माणूस हरवल्यावर पोलीस २४ तासांनीच तक्रार घेतात, हा समज देशी-विदेशी चित्रपट आणि मालिकांनी घरोघरी पोहोचवला. कथेसाठी तो सोयीचा असतो, कारण नायकाला एकट्याने बाहेर पडायला कारण मिळते. प्रत्यक्षात असा कोणताही नियम नाही. हद्दीचा प्रश्नही आडवा येत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक चोवीस तास सुरू असतात. देशात वर्षाला अपहरणाचे एक लाखाहून अधिक गुन्हे नोंदले जातात. त्यांत खंडणीसाठीची प्रकरणे अगदी थोडी आहेत, मोठा भाग बेपत्ता झालेल्या आणि घर सोडून गेलेल्या मुला-मुलींचा आहे. बेपत्ता मुले या आकडेवारीत येतात, त्यालाही कारण आहे. मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असेच धरून तपास करायचा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिला. तारीख होती १० मे २०१३. इन्स्पेक्टर जाधवांचा तो प्रसंग त्याच महिन्यात कान महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला.